सातवं रीळ

नीळकंठ हेडाऊच्या हातून अठ्ठावीस वर्षांत एकच चूक झाली होती, आणि ती चूक बघायला भरवेलीच्या खाणीतली माणसं सायकलीवर डबलसीट बसून दर वर्षी बालाघाटला येत होती.

चूक म्हणजे काय ते नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं ह्यानं कुणाचा मुडदा पाडला. नीळकंठ हा शालिकराम शेठच्या टॉकीजमधला ऑपरेटर. वर केबिनमध्ये दोन मशिनींच्या मधे उभा राहून पडद्यावर सिनेमा दाखवणारा. फिल्म तुटली की अख्खं थिएटर ज्याच्या आईबापाचा उद्धार करतं, तो माणूस. सत्तावन्न साली तो नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते, मिसरूड नुकतंच फुटलेलं, आणि गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीनं 'छतरी बहादुर' नावाच्या एका सहा वर्षं जुन्या विनोदी सिनेमाचे बारा डबे आले. एका डब्यात एक रीळ. गाडीला गळती होती, वरची कागदी लेबलं भिजून त्यांचा लगदा झालेला. रिळाच्या तोंडाशी नंबर असतो म्हणाल, तर ती तोंडं आधीच्या कुण्या दिवट्यानं तोडून टाकलेली. खेळ बाराचा, आणि डबे हातात पडले साडेदहाला.

पोरानं एकेक रीळ उजेडाला धरून पाहिलं आणि अंदाजानं क्रम लावला. चौथ्या रिळाच्या शेवटी सिनेमातला हिरो लल्लनप्रसाद बायकोशी भांडून छत्री घेऊन घराबाहेर पडत होता. दुसऱ्या एका रिळाच्या सुरुवातीला दोन माणसं तीच छत्री घेऊन घरात येत होती. छत्रीला छत्री जुळली, म्हणून नीळकंठनं ते पाचव्या जागी लावलं. ते होतं सातवं.

आता बघा काय झालं ते. मूळ सिनेमात लल्लनप्रसाद घरातून निघतो, न्हाव्याकडे दाढीला बसतो, मग नदीत पडून वाहत जातो, पलीकडच्या गावात निघतो, आणि त्यानंतर त्याची छत्री घरी येते. घरचे रडतात, पण आपल्याला ठाऊक असतं की हा पठ्ठ्या तिकडे भजी हाणतो आहे. बालाघाटच्या सिनेमात मात्र लल्लनप्रसाद निघतो आणि लगेच छत्री परत! मेला! जन्मभर छळणारा सासरा छाती पिटतो, बायकोची शुद्ध हरपते, छत्रीलाच खांदा देऊन नदीवर नेतात, तेराव्याला भाषणं होतात. आणि तेराव्याच्या पंगतीवरून पडदा एकदम जातो तो न्हाव्याच्या दुकानात. तोंडाला साबण फासून लल्लनप्रसाद निवांत बसलेला, आणि म्हणतो, "और सुनाओ भैया, गाँव में क्या नया?"

त्या दिवशी लोक असे हसले की पुढच्या बाकांवरची दोन माणसं खाली पडली. संध्याकाळी एका डब्याच्या तळाशी नीळकंठला सिनेमाची गाण्यांची चोपडी सापडली, तिच्यात कथासार होतं, आणि ते वाचून त्याला आपली चूक कळली. उद्या सरळ लावू, असं त्यानं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी आले ते आदल्या दिवशीच्या लोकांचे भाऊबंद, न्हाव्याची वाट बघत. सांगायची हिंमत झाली नाही. मग सिनेमाची कंपनीच बंद पडली, डबे परत मागायला कोणी आलंच नाही, आणि चूक केबिनमधल्या फळीवर ठाण मांडून बसली.

तो पहिला खेळ नारबोदेच्या दिवशी झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोदेचा पुतळा आरडाओरडा करत गावाबाहेर ओढून नेतात, रोगराई, खोकला, ढेकूण, डास सगळं घेऊन जा म्हणतात. तेव्हापासून रिवाजच पडला. सकाळी नारबोद घालवायची आणि दुपारी 'छतरी बहादुर' बघायचा. लांजीहून, खैरलांजीहून बसगाड्या भरून यायच्या. सिनेमात नाव घेण्यासारखा एक नट नव्हता. गाणी अशी की गाणारीलाही आपण गायलो हे आठवत नसेल. तरी लोक यायचे, आणि खरं सांगू का, म्हणूनच यायचे. मोठे सिनेमे सगळ्या देशाचे असतात, हा एकट्या बालाघाटचा होता. भरवेलीचा फकिरा एकदा नागपूरला गेलता, तिथं त्यानं चार टॉकीजवाल्यांना विचारलं. कुणी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. हे सांगताना त्याची छाती अशी फुगायची की सिनेमा त्यानंच काढलाय. आता पंच्याऐंशी साल उजाडलं होतं, गावात व्हिडिओ आला होता, बाकीच्या खेळांना टॉकीजमध्ये कबुतरं बसायची. पण नारबोदेला उभं राहायला जागा नसायची.

आणि ह्याच फकिरानं घोळ घातला. खाणीतून रिटायर झाला, हाताला काम नाही. बसल्या बसल्या त्यानं टॉकीजमधल्या जुन्या पोस्टरवरचा दादरचा पत्ता उतरवला आणि हिंदीत पत्र धाडलं: डायरेक्टर साहेब, आपण जिवंत असाल तर कळवावं, आमच्याकडे आपला सिनेमा अठ्ठावीस वर्षं चालू आहे आणि लोक पोट धरधरून हसतात.

डायरेक्टर साहेब जिवंत होते. त्याच पत्त्यावर राहत होते. पोळ्याला बारा दिवस उरले असताना त्यांचं उत्तर शालिकराम शेठच्या नावानं आलं, आणि शेठ ते पत्र हातात नाचवत दोन दोन पायऱ्या गाळत केबिनमध्ये आला.

"नीळूभाऊ, अपनी तो लॉटरी लग गई! खुद गुणाकर पेठे येऊन राह्यले!"

नीळकंठनं पत्र वाचलं. अक्षर बारीक, नेटकं. लिहिलं होतं की सिनेमा मुंबईत चार दिवस चालला, त्यानंतर तो मीसुद्धा पाहिलेला नाही, एकही प्रिंट उरली नाही असं समजत होतो, मी येतो. शेठ हाराचं, सोफ्याचं, माइकचं काहीबाही बोलत होता आणि ह्याच्या कानात नुसती मशीन फिरत होती.

घरी येऊन त्यानं प्रेमलताला सगळं सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण ही गोष्ट तिलाही आजवर ठाऊक नव्हती. ती भाकरी थापायची थांबली.

"म्हणजे आमी सारे इतकी वर्षं उलटा सिनेमा पाहून राह्यलो?"

"हौ."

"अन् हसून राह्यलो?"

"हौ ना वं!"

प्रेमलताला हसू फुटत होतं, पण नवऱ्याचं तोंड पाहून तिनं ते गिळलं. "मंग सांगून टाका त्याईले. चूक झाली म्हना. काय फासावर देतीन?"

"तुले काय जाते सांगाले!" नीळकंठ भडकला. "गोंदियापासून नागपूरपर्यंत ऑपरेटर लोक माह्यं नाव घेतेत. हेडाऊच्या मशीनवर रीळ कधी चुकत नाही म्हनतेत. अन् त्या माणसाचा एकुलता एक सिनेमा मी अठ्ठावीस साल उलटा दाखवला, हे त्याच्याच तोंडावर सांगू? अन् गावाले? फकिरा मले जित्ता ठेवन का?"

बारा दिवस नीळकंठ धड जेवला नाही. शेवटी त्यानं मनाशी पक्कं केलं: चूप बसायचं. चौतीस वर्षांपूर्वीचा सिनेमा, म्हाताऱ्याला काय आठवणार? लोक हसतील, म्हातारा खूश होईल, गोंदियाची गाडी धरेल, सुटलो.

नारबोदेच्या दिवशी सकाळी पेठे आले. बहात्तरीचा वाळका माणूस, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. शेठच्या घरी पाहुण्यांची झुंबड होती, म्हणून पेठ्यांनी स्वतःच सांगितलं की मला ऑपरेटरकडे जेवायचं आहे, ज्यानं इतकी वर्षं माझी फिल्म सांभाळली त्याच्याकडे.

प्रेमलतानं चिन्नोरचा भात, वरण, वांग्याची भाजी आणि आदल्या दिवशीच्या करंज्या वाढल्या. पेठे चवीनं जेवत होते. दुसऱ्यांदा भात घेताना ते आपण होऊन बोलायला लागले.

"हेडाऊ, तुम्हाला सांगतो, फकिरांचं पत्र आलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. हा सिनेमा आम्ही दोघा भावांनी काढला होता. नाना माझा थोरला भाऊ. सिनेमा जुळवायला दोघं एकाच टेबलाशी बसायचो. एक दिवस नाना म्हणाला, गुणा, हे रडारडीचं रीळ उचल आणि न्हाव्याच्या आधी टाक."

नीळकंठचा घास हातातच राहिला.

"मी म्हटलं, नाही. प्रेक्षकाला फसवायचं नाही. माणूस जिवंत आहे हे त्याला आधी कळलं पाहिजे, मग तो रडणाऱ्यांना हसेल. नाना म्हणाला, तू शहाणा आहेस, पण तुला हसणं कळत नाही. मला! शब्दानं शब्द वाढला. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत हे रीळ जागचं हलणार नाही. तो उठून गेला. सिनेमा चार दिवसांत उतरला. पुन्हा आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही." त्यांनी भातावर वरण ओढलं. "तेव्हापासून एकच टोचणी होती हो. नाना बरोबर तर नव्हता? आणि मग तुमच्या गावाचं पत्र. लोक पोट धरून हसतात! म्हणजे मी बरोबर होतो. आज ते डोळ्यांनी बघायचं, कानांनी ऐकायचं, एवढ्यासाठी आलो."

प्रेमलता नवऱ्याकडे पाहत होती. नवरा ताटाकडे पाहत होता. तेवढ्यात दारात फकिरा हाका मारत आला, सायेबांना न्यायला शेठनं जीप पाठवली होती, आणि पेठे हात धुवायला उठले.

"आता?" प्रेमलतानं हळूच विचारलं.

"आता सरळ लावतो," नीळकंठ म्हणाला. "त्या माणसाचा सिनेमा आहे. त्याच्या मनासारखाच दिसला पायजे."

"अन् लोक?"

"लोक हसतीन ना वं. पाठ आहे त्याईले. कसाबी लावला तरी हसतीन." असं तो म्हणाला खरा, पण त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

बाराला टॉकीज गच्च भरली. खाली बाकं, बाकांच्या मधल्या वाटा, खिडक्यांचे ओटे, सगळीकडे माणसं. वर बाल्कनीत शेठनं घरचा सोफा आणून टाकला होता, त्यावर पेठे ताठ बसले होते. नीळकंठ केबिनच्या चौकोनी झरोक्यातून त्यांचं पांढरं डोकं पाहत होता. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या पेटल्या, पहिलं रीळ सुरू झालं, आणि पडद्यावर पावसानं ओरखडल्यासारख्या रेघा असतानासुद्धा लोकांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. सासऱ्याचं वाक्य सासऱ्याच्या आधी लोक म्हणत होते. पेठ्यांचं डोकं इकडून तिकडे वळत होतं. त्यांचा विश्वास बसत नसावा. दुसरं रीळ गेलं, तिसरं गेलं. चौथं सुरू झालं.

एक रीळ दहा मिनिटांचं. चौथं संपायच्या आत पुढचं दुसऱ्या मशीनवर चढायला हवं. फळीवर दोन डबे शेजारी शेजारी होते, न्हाव्याचा आणि रडारडीचा. बाकीच्या दहा डब्यांवर नीळकंठनं रंगानं नंबर घातले होते. नदीत पडण्याच्या डब्यावरसुद्धा सहा लिहिला होता. ह्या दोन डब्यांवर मात्र त्यानं अठ्ठावीस वर्षांत काही लिहिलं नव्हतं. खोटं लिहायला हात धजला नाही आणि खरं लिहायची छाती झाली नाही.

हात सवयीनं रडारडीच्या डब्याकडे गेला. त्यानं रीळ काढलं, मशीनवर चढवलं, आणि फिल्म दातेरी चाकावर बसवता बसवता थांबला. तुला हसणं कळत नाही, असं म्हणणाऱ्या भावाशी चौतीस वर्षं अबोला धरलेला माणूस समोर बसला होता. नीळकंठनं रीळ उतरवलं. न्हाव्याचं चढवलं. घाईत फिल्म दोनदा सुटली. खाली लल्लनप्रसादचं भांडण रंगात आलं होतं, लोक बायकोच्या बाजूनं ओरडत होते. लल्लनप्रसादनं छत्री उचलली. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याच्या खुणेचा काळा ठिपका चमकला. दुसरा चमकला. नीळकंठनं डोळे मिटून मशीन बदलली.

पडद्यावर न्हाव्याचं दुकान आलं.

"और सुनाओ भैया, गाँव में क्या नया?"

कोणी हसलं नाही. आठशे माणसं, आणि एक सुद्धा नाही! एका तान्ह्या पोराचं रडणं तेवढं ऐकू आलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अबे, ये अभी कैसे आ गया?" मग दुसरं, मग दहा. "मय्यत कहाँ है?" "पहले मरने तो दो उसको!" बाकं बडवायला सुरुवात झाली. लल्लनप्रसाद बिचारा साबण लावून एकामागून एक विनोद करत होता, आणि ते एकेक करून मरत होते. एक चप्पल पडद्यावर जाऊन आदळली.

पेठे सोफ्यावरून उठले होते. नीळकंठला त्यांचा चेहरा दिसला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौतीस वर्षांपूर्वीच्या चौथ्या दिवशी हा चेहरा असाच झाला असणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेठ धडधडत वर आला. "नीळूभाऊ, पागल हो गए क्या? आजच्या दिवशी रीळ उलटी लावली? लोग कुर्सियाँ तोड़ देंगे!"

त्याच्या मागोमाग, लोखंडी कठडा धरत धरत, पेठे आले. त्यांना धाप लागली होती.

"शेठजी, तुम्ही खाली जा. लोकांना शांत करा," ते म्हणाले. शेठ घुटमळला. "जा म्हणतो ना!"

शेठ गेला. केबिनमध्ये दोघंच उरले आणि मशीनची घरघर.

"हे लोक काय म्हणतायत?" पेठ्यांनी विचारलं. "पहले मरने दो म्हणजे काय? हेडाऊ, तुम्ही दर वर्षी हे कसं लावता?"

नीळकंठनं फळीवरच्या उघड्या रिळाकडे बोट दाखवलं. "ते आधी लावतो, सायेब. मंग हे." एवढं बोलल्यावर बांध फुटला. भिजलेली लेबलं, छत्रीला जुळलेली छत्री, संध्याकाळी सापडलेली चोपडी, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. कार्बनची कांडी सरकवायचं भान राहिलं नाही, पडद्यावरचा उजेड पिवळा पडत चालला, खालून शिव्या येत होत्या. "मी चोर आहो तुमचा. अठ्ठावीस साल तुमच्या भावाचा सिनेमा दाखवला, तुमचा नाही. जेवताना तुमी सांगितलं, तवा समजलं. म्हून आज पयल्यांदा सरळ लावला. तं हे असं झालं."

पेठ्यांचा जबडा नुसता हलत होता. नीळकंठला वाटलं, आता हा माणूस एक तर मला थोबाडीत मारेल नाहीतर इथंच कोसळेल. दोन्हीला तो तयार होता.

"किती हसतात?" पेठ्यांनी विचारलं.

"अं?"

"न्हावी आला की. किती हसतात?"

"सायेब, मागच्या गल्लीतल्या बाया चुलीपाशी बसून सांगतेत, न्हावी आला म्हून."

पेठ्यांनी एकदा झरोक्यातून खाली पाहिलं. मग ते वळले आणि एकदम संतापून म्हणाले, "मग लावा की! बघता काय माझ्या तोंडाकडे? नानाचं लावा!"

"सायेब, पन तुमी तं..."

"मला बघायचंय, हेडाऊ. लावा!"

नीळकंठनं मशीन थांबवली. खाली अंधारात एकच कल्लोळ झाला. न्हाव्याचं रीळ उतरवून त्यानं मागे फिरवलं, सातवं चढवलं, कांडी सरकवली. पडद्यावर दोन माणसं छत्री घेऊन घरात शिरली आणि टॉकीजनं सुटकेचा असा आवाज काढला की छताचे पत्रे थरथरले. सासऱ्यानं छाती पिटली, लोकांनी पिटली. छत्रीला खांदा देऊन नेताना आठशे गळे सकाळचंच ओरडले, "ले जा री नारबोद!" बायका डोळ्याला पदर लावून खोट्या रडत होत्या. पेठे झरोक्याला नाक लावून उभे होते. दहा मिनिटं त्यांनी पापणी लववली नसेल. नीळकंठनं न्हाव्याचं रीळ दुसऱ्या मशीनवर चढवलं आणि ठिपक्याची वाट पाहत उभा राहिला. देवा, आज हसू दे रे, एवढंच त्याच्या मनात होतं. एकदा विस्कटलेलं हसू पुन्हा जुळतं की नाही, कुणाला ठाऊक.

तेराव्याची पंगत बसली. ठिपका आला. दुसरा आला.

"और सुनाओ भैया..." एवढंच ऐकू आलं. पुढचं लोकांनी बुडवून टाकलं. खालची माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, फकिरा बाकावर उभा राहून पगडी उडवत होता, लांजीची एक म्हातारी खांबाला धरून खाली बसली होती.

पेठ्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बावीस सेकंद," ते म्हणाले. "बावीस सेकंद हसले. पुढचे दोन डायलॉग कुणाला ऐकूच गेले नाहीत."

"कोणाले ऐकाचे नसते सायेब. पाठ आहेत."

पेठ्यांनी मान डोलावली. उरलेली रिळं त्यांनी केबिनमध्येच, नीळकंठच्या स्टुलावर बसून पाहिली. नीळकंठला राहून राहून वाटत होतं की आता खाली माइकवर हा माणूस सगळं सांगणार. सांगू दे. सांगायचा त्याला हक्क आहे.

सिनेमा संपला, दिवे लागले. शेठनं पेठ्यांना पडद्यासमोर नेलं, गळ्यात हार घातला. लोक जागचे हलले नव्हते. फकिरा पुढं आला, हात जोडले, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न त्यानं माइकमध्येच विचारला.

"सायेब, माणूस मेल्यावर त्याले दाढीले बसवाचं, हे तुमाले सुचलं तरी कसं?"

पेठ्यांनी मान वर केली आणि थेट केबिनच्या झरोक्याकडे पाहिलं. नीळकंठनं भिंत घट्ट धरली.

"मला नाही सुचलं," पेठे म्हणाले.

सगळ्यांना घाम सुटावा इतका वेळ ते थांबले. नीळकंठला आपलं नाव ऐकू आल्यासारखंच वाटलं.

"माझ्या थोरल्या भावाला सुचलं. नाना पेठे त्याचं नाव. मी नको म्हणालो होतो. मी म्हटलं, असं कोणी हसत नसतं." त्यांनी हाराशी चाळा केला. "त्यावरून भांडलो. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. आज ऐकलं तुमचं हसणं. नाना बरोबर होता."

"मंग अजून काय पायजे!" फकिरा खूश होऊन म्हणाला. "आता जाऊन बोला ना सायेब. सांगा त्याले, बालाघाटले तुमचं रीळ जोरात चालते."

"कुणाला सांगू?" पेठे म्हणाले. "एकसष्ट सालीच वारला तो."

शेठनं खाली मान घातली. ज्या लोकांनी तासाभरापूर्वी छत्रीच्या मय्यतीवर धुमाकूळ घातला होता, ते आपापल्या चपलांकडे पाहायला लागले. माइकच्या समोर तो वाळका म्हातारा गळ्यात झेंडूचा हार घालून एकटा उभा होता. वर नीळकंठच्या डोळ्यांना धार लागली होती. पेठ्यांनी नाव न घेता आपल्याला वाचवलंय, ह्याचं त्याला सुखही वाटेना.

फकिरानं खाणीत जन्म काढलेला. दरड कोसळल्यावर सुद्धा त्याचं तोंड बंद राहिलं नव्हतं, ते आता काय राहणार! त्यानं पेठ्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वारला तं काय झालं, सायेब? आमच्या गावात मेलेला माणूस दाढीले बसते. तुमचा नानाबी बसला असन कुठंतरी, तोंडाले साबण लावून. इचारत असन, और सुनाओ भैया."

मग बायकांच्या बाजूनं एक हसू फुटलं, प्रेमलताचं होतं ते. आणि मग सगळी टॉकीज. पेठे आधी बावरले, मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि माइक दोन्ही हातांनी धरून म्हातारा हसायला लागला, गदगदून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, पहिल्यांदा.

नीळकंठनं वरून मोजायला सुरुवात केली. तो बावीसच्या पुढे गेला, तीसच्या पुढे गेला, आणि मग त्याला मोजता येईना.